घरी यायला उशीर झालेला पिच्चर

"येई, पुढला महिनामा येई," असं म्हणत तो उजव्या हाताचा पंजा हवेत असा काही फिरवायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं पिच्चर कामरेजच्या चौकापर्यंत येऊन पोचलाय, फक्त ट्रॅफिक सुटायचं राहिलंय. सुरतेच्या पांडेसऱ्यात कुठल्याही चहाच्या लारीवर तो दिसला, की कोणीतरी विचारणारच, डायरेक्टर, तुझा पिच्चर मोबाईलवर कधी येणार? आणि हा पंजा फिरवणार. तीन वर्षं तो पिच्चर पुढच्या महिन्यात येत होता.

तुम्ही त्याला पाहिलं असतंत तर डायरेक्टर म्हणाला नसतात. एका डाइंग मिलच्या कलर किचनमध्ये, म्हणजे जिथं कापडाचे रंग मोजून कालवतात तिथं, तो बावीस वर्षं कामाला होता. नखांत रंग बसलेला. त्या आठवड्यात मिलमध्ये कुठल्या साड्या चालू आहेत ते त्याच्या बोटांवरून कळायचं. एकदा एका लग्नात हा जांभळ्या हातांनी वरण वाढायला उभा राहिला आणि अर्धी पंगत नको नको म्हणाली. त्याला राग आला नाही. "रंग पक्का शे, वरणमा उतराव नही," एवढं म्हणून तो पुढच्या पानाकडे सरकला.

माझा मंडप आणि साऊंडचा धंदा. आम्ही मूळचे अमळनेरकडचे, पण माझी उभी हयात सुरतेत गेली. आपल्या खान्देशी लोकांची बारशी, हळदी, गणपती, सगळीकडे स्पीकर माझेच. पिच्चरमधलं मला ओ की ठो कळत नाही, वायरमधलं कळतं. त्यामुळे हा माणूस माझ्या वाट्याला आला तो वायरीच्या टोकाला बांधून आला, असं समजा.

त्याचा पिच्चर अहिराणीत होता. काम करणारे सगळे मिलमधले. गोष्ट साधी. एक म्हातारा बाप गावाहून कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाचं गाठोडं घेऊन सुरतेत मुलाकडे येतो. मुलाचा पत्ता त्याला तोंडपाठ आहे, पण सोसायटीतली सगळी घरं सारखीच, सगळी दारं हिरवीच. तो चुकीच्या दारात शिरतो. तिथली बाई त्याला बसवते, जेवायला वाढते, मग कळतं हे घर आपलं नव्हे. असं करत तो पाच घरी जेवतो आणि सहाव्या घरी मुलगा सापडतो, तेव्हा सुनेनं वाढलेलं ताट त्याला जात नाही. सुनेला वाटतं, सासऱ्याला माझ्या हातचं चालत नाही. झालं, भांडण सुरू. लोक हसून हसून खुर्चीवरून घसरायचे, आणि घरी जाताना गप्प असायचे.

बापाचं काम आत्मारामनं केलं होतं. आत्माराम हा डायरेक्टरचा मित्र, त्याच मिलमध्ये कापड रंगवायच्या जेट मशीनवर ऑपरेटर. वय पंचेचाळीस, पण पांढरी मिशी लावून कंबरेत वाकला की सत्तरीचा दिसायचा. शूटिंग दोन हिवाळे चाललं, तेही सुट्टीच्या दिवशी. डायरेक्टरचं एकच खूळ होतं, माणसं कशी चालतात ते बघण्याचं. कामावर जाताना माणूस वेगळा चालतो आणि सुटल्यावर वेगळा, म्हणायचा. आत्मारामला त्यानं एका गल्लीतून अकरा वेळा चालवलं. आत्माराम तक्रार न करता अकरा वेळा चालला.

शूटिंगच्या वेळी आवाज नीट आला नाही. येणार कसा? आजूबाजूला मिलची मशिनं, रिक्षा, बॉयलर. मग सगळ्यांचे आवाज पुन्हा भरायचे ठरलं. माझ्या गोडाऊनमध्ये चारी बाजूंनी गोधड्या टांगल्या आणि एकेकाला आत बसवून बोलायला लावलं. सुनेचं झालं, मुलाचं झालं, पाचही घरच्या बायकांचं झालं. आत्मारामची मिलमधली पाळी बदलत नव्हती म्हणून त्याचं शेवटी ठेवलं. येत्या रविवारी करू म्हणाले. बुधवारी आत्माराम मिलमध्ये दुपारी जेवायला बसला आणि उठला नाही. डबा अर्धा होता.

मी हे असं कोरडं सांगतोय म्हणून मला नावं ठेवू नका. तेव्हाही मला काही वाटलं नव्हतं. त्याच्या तेराव्याचा मंडप मीच घातला, खुर्च्या मोजून आणल्या, मोजून नेल्या.

तीन महिन्यांनी भेस्तानला समाजाचा मेळावा होता. डायरेक्टर म्हणाला, पिच्चर दाखवायचा. मी म्हटलं, अरे, बाप मुका आहे तुझा. त्यानं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे एक माईक मागितला, लांब वायरीचा. मला वाटलं हा भाषण ठोकणार. पिच्चर सुरू झाला तेव्हा तो हॉलच्या शेवटी माझ्या मशीनशेजारी खुर्ची टाकून बसला, माईक तोंडाशी धरला, आणि पडद्यावर आत्मारामनं ओठ हलवल्याबरोबर बोलायला लागला.

मी तुम्हाला काय सांगू. ओठाला ओठ जुळत होते. वाक्यं त्यानंच लिहिलेली, पण ती आत्माराम कसा तोडून तोडून बोलेल ते त्याला ठाऊक होतं. आत्मारामनं घास घेतला की हा इकडे रिकाम्या तोंडानं चावायचा. हॉलमध्ये कोणाला पत्ताच नव्हता. स्पीकर पुढे, आवाज पुढून येतोय, बाप बोलतोय, लोक लोळताहेत. फक्त बायकांच्या बाजूला, दुसऱ्या रांगेत, आत्मारामची बायको सुमनवहिनी बसल्या होत्या. त्यांनी एकदाच मागे वळून पाहिलं. मग पुन्हा पडद्याकडे तोंड केलं.

त्यानंतर पिच्चर सुटलाच. भेस्तान, कामरेज, पांडेसऱ्यात तर सहा वेळा. कोणाच्या नातवाचं जावळ असलं तरी दुपारी डायरेक्टरचा पिच्चर. प्रत्येक वेळी हा मागे बसून बोलायचा. गावोगावचे लोक बघून वाक्यं बदलायचा, शिंदखेड्याकडचे बसलेले दिसले की बापाला शिंदखेड्याचा करायचा. कॉर्डलेस माईकवर त्याचा विश्वास नव्हता. तोंडात एरवी सदा तंबाखूचा मावा, पण माईक हातात घेण्याआधी चूळ भरून यायचा. मी चिडवायचो, म्हटलं दीड तास तरी गालाला सुट्टी. तो म्हणायचा, "आत्माराम खाये नही ना." आत्माराम खात नव्हता, म्हणून बाप बोलताना यालाही चालत नव्हता.

पिच्चर मोबाईलवर का येत नाही याच्या लोकांनी आपापल्या गोष्टी रचल्या होत्या. पैसे लावणाऱ्यांत भांडण आहे. गाणी एकाच्या नावावर आणि पिच्चर दुसऱ्याच्या. मुंबईच्या कोणीतरी विकत घेऊन दाबून ठेवलाय. सगळ्यांत शहाणे म्हणायचे, मोबाईलवर टाकला तर हॉलमध्ये कुत्रं येणार नाही, डायरेक्टर पक्का आहे. काहींनी हॉलमध्ये बसून मोबाईलवर उतरवूनही घेतला, पण त्यात शेजारच्यांचं हसणंच ऐकू यायचं. डायरेक्टर एकही गोष्ट नाकारायचा नाही. चहा प्यायचा, पंजा फिरवायचा.

खरं कारण मला माहीत होतं आणि मी गप्प होतो. मला कोणी गप्प राहायला सांगितलं नव्हतं. पण माझ्याच वायरीवर चाललेली गोष्ट मी कशी सांगणार?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, डायरेक्टर सुमनवहिनींकडे आंबे घेऊन जायचा. त्यांना भाऊ नाही, तर हा भाऊ. पहिल्या वर्षी मीही बरोबर गेलो होतो. वहिनी घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायचं काम करतात. खडे डब्यात ओतता ओतता त्या म्हणाल्या, "हॉलमा समदा हासतस, भाऊ. माले तो घर बसीसन देखाना शे." हॉलमध्ये सगळे हसतात, मला तो घरी बसून बघायचा आहे. हॉलमध्ये बाया माना वळवून त्यांच्याकडेच बघायच्या, हीच ती, हिचाच नवरा. तिथं त्यांना धड हसता येत नव्हतं आणि रडायची तर सोयच नव्हती. त्यांच्याकडे नवऱ्याचे फोटो होते तीन, त्यातला एक मिलच्या ओळखपत्राचा. हलता-चालता आत्माराम त्यांना फक्त त्या पिच्चरमध्येच दिसायचा.

डायरेक्टर त्यांनाही म्हणाला, पुढला महिनामा. पण तिथं त्यानं पंजा फिरवला नाही.

त्या दिवसापासून तो आत्मारामचा खरा आवाज शोधायला लागला. शूटिंगच्या वेळचा आवाज होताच, मशीनच्या घरघरीखाली दबलेला. रिंग रोडवरच्या एका स्टुडिओवाल्यानं सांगितलं, साफ करून देतो. महिन्यानं दिला. मशीनचा आवाज गेला होता, त्याबरोबर आत्मारामही गेला होता. मग कोणाच्या तरी ओळखीनं मुंबईला पाठवला. तिकडूनही तेच. मग कोणी म्हणालं, आता कॉम्प्युटर माणसाचा आवाज नवा बनवून देतो, फक्त दहा मिनिटं स्वच्छ बोललेलं हवं. डायरेक्टर आत्मारामच्या सगळ्या नातेवाइकांकडे फिरला, कोणाच्या मोबाईलमध्ये, कोणाच्या लग्नाच्या व्हिडिओत आत्माराम बोललाय का. आत्मारामचा फोन बटणांचा होता. लग्नाच्या व्हिडिओत तो सगळीकडे होता, बुंदी वाढताना, वरातीत, आहेर घेताना. बोललेला कुठेच नव्हता. ही सगळी पायपीट ड्युटी सांभाळून चालली होती. प्रत्येक वेळी त्याला खरोखरच वाटायचं की पुढच्या महिन्यात होईल. तो लोकांना फसवत नव्हता एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो.

एकदा मी वैतागलो. म्हटलं, शहाण्या, तूच बोलतोस ना गेली दोन वर्षं? गोडाऊनमध्ये बस, एकदा बोल, मी भरून घेतो आणि वहिनींना देऊन टाक. त्यांची वाट बघणं तरी संपेल.

तो माझ्याकडे असा बघत राहिला की मीच ओशाळलो.

"वैनीना घरमा आत्मारामना तोंडमाईन मी बोलू?" तो म्हणाला. "काय बोलस तू?"

हॉलची गोष्ट वेगळी, असं त्याचं म्हणणं. हॉलमध्ये तो खेळ असतो, संपला की मी माईक ठेवतो. पण वहिनी घरात एकट्या बसून नवऱ्याचं तोंड बघणार आणि त्यातून परक्या माणसाचा आवाज येणार, तोही रोज, त्यांना वाटेल तेव्हा. मी त्यांचा भाऊ म्हणवतो. मी त्यांच्यासमोर आंबे घेऊन कसा जाऊ? मला तेव्हा ते पटलं. खरं सांगायचं तर आजही पटतं. माणूस म्हणून त्याच्याबद्दल मला फार वाटलं त्या दिवशी.

तिसऱ्या वर्षी त्याचा घसा बसला. आधी मिलमधल्या वाफेवर ढकललं, मग थंडीवर. कामरेजच्या खेळात बापाचा आवाज मध्येच फाटला आणि फाटतच राहिला. लोकांना वाटलं म्हातारा रडतोय, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्याच्या शेजारी होतो. त्यानं माईक दूर धरला, खोकला, पुन्हा जवळ घेतला आणि पुरा केला.

डॉक्टरांनी स्वरयंत्र काढावं लागेल म्हणून सांगितलं. बारा दिवसांनी ऑपरेशन. मी पुन्हा विचारलं. या वेळी हट्टानं विचारलं, गोधड्यासुद्धा टांगून ठेवल्या. तो आला, गोधड्यांच्या आत बसला, पिच्चर लावला, माईक हातात घेतला. आत्मारामनं ओठ हलवले. हा बोलला नाही. दुसऱ्यांदा लावला, तेव्हाही नाही. मग त्यानं माईकची वायर स्वतःच्या हातानं नीट गुंडाळली, माझ्या हातात दिली आणि रिक्षा करून घरी गेला. माझं डोकं फिरलं होतं. मी त्याला सोडायलाही गेलो नाही.

ऑपरेशननंतर गळ्यापाशी भोक, त्यावर पांढरी मलमलची पट्टी. लारीवर लोक विचारायचेच, कोणाला माहीत होतं, कोणाला नव्हतं. खेळ बंद पडले. लोकांनी समजूत करून घेतली की आता पिच्चर मोबाईलवर येतोय म्हणूनच हॉलचे खेळ बंद केलेत. धंदा कळतो, म्हणाले.

आता तो नाही. दिवाळीनंतर गेला. त्याचाही मंडप मी घातला, आणि खुर्च्या मोजताना माझ्या लक्षात आलं की मी तीनदा मोजतोय आणि तिन्ही वेळा आकडा वेगळा येतोय. त्याच्या मंडपापेक्षा मला त्याआधी अडीच महिने आलेली एक दुपार आठवते.

त्या दुपारी तो माझ्या दुकानात आला, खिशातून पेनड्राइव्ह काढून दाखवला आणि मोबाईलवर टाइप केलं, "वैनी". एवढंच. त्यात काय आहे हे मी विचारलं. त्यानं टाइप केलं, "जसा शे तसा." आम्ही गेलो. सुमनवहिनींनी त्याच्या गळ्याकडे पाहिलं, पाणी आणलं, खड्यांची साडी घडी करून पलंगावर ठेवली. पेनड्राइव्ह टीव्हीला मी लावला. डायरेक्टर दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला, मान खाली घालून.

आत्माराम गाठोडं घेऊन गल्लीत शिरला. पहिल्या दारातली बाई म्हणाली, कोणाकडं आलात बाबा? आत्मारामनं तोंड उघडलं, हलवलं, मिटलं. बाई म्हणाली, असं होय, या, बसा आत. तिनं विचारलं, हा नुसते ओठ हलवतोय. ती हसली, हा नुसते ओठ हलवतोय. इतके खेळ केले मी, मशीनमागे उभा राहून, पण हे मी कधी पाहिलं नव्हतं. मला बघवेना. म्हटलं बंद करावं आणि निघावं.

वहिनींनी टीव्हीवरून डोळे काढले नाहीत. पहिलं घर संपलं, दुसरं सुरू झालं, तेव्हा त्या बोलल्या.

"घरमा बी असाच ऱ्हाये तो. बोलेच नही."

घरातही तो असाच असायचा. बोलायचाच नाही. अठरा वर्षांच्या संसारात जेव्हा तेव्हा मान हलवायची, नाहीतर ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायचं आणि ताटावर बसायचं. मिलमध्ये मशीनवर उभं राहून त्याला ऐकू कमी यायला लागलं होतं, म्हणून बोलणंही कमी झालेलं. मित्रांत तो बोलायचा की नाही ते त्यांना माहीत नव्हतं. वहिनींनी हे सगळं टीव्हीकडे बघतच सांगितलं. मग डायरेक्टरकडे वळून म्हणाल्या, "माले असाच देवाना व्हता, भाऊ. पहिलेच."

असाच द्यायचा होता मला, आधीच. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. तीन वर्षं आम्ही दोघं स्टुडिओ, कॉम्प्युटर, लग्नाचे व्हिडिओ करत बसलो, आणि तुम्हाला कसा हवा, मुका चालेल का, एवढं त्यांना विचारावं हे दोघांतल्या एकालाही सुचलं नव्हतं. डायरेक्टर हात जोडायला गेला. वहिनींनी नको म्हणून मान हलवली.

मग त्यांनी रिमोट घेतला आणि टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला. बायका मुक्या झाल्या, मुलगा मुका झाला, सून मुकी झाली. आता एकटा आत्माराम मुका राहिला नाही. डायरेक्टरनं इतकी वर्षं लिहिलेलं, बोललेलं, बदललेलं सगळं गेलं, आणि वहिनी पाय दुमडून खाली बसून पुढचा तासभर पिच्चर बघत होत्या. पाचव्या घरी आत्मारामनं पोटावर हात ठेवून आणखी एक भाकरी घेतली, तेव्हा त्या हसल्या. दाराजवळच्या खुर्चीतही हालचाल झाली. मी वळून पाहिलं तर डायरेक्टर मान वर करून हसत होता. आवाज नव्हता, गळ्यावरची पट्टी तेवढी हलत होती.

पिच्चर संपला. मी पेनड्राइव्ह काढायला उठलो, तर वहिनींनी मला हातानं थांबवलं आणि रिमोट डायरेक्टरपुढे धरला.

"आखो लावा, भाऊ."

त्यानं खुर्ची टीव्हीजवळ ओढून घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून लावला.